उजाडल्यावर निघा, उन्हाआधी पोचा: चिखलदऱ्याचा घाट पायी चढताना

ट्रेकिंगवरचं मराठीतलं बहुतेक लिखाण सह्याद्री डोळ्यांपुढे ठेवून केलेलं असतं. कडे, कातळ, दोर, धबधबे. वऱ्हाडातला माणूस सुटीच्या सकाळी सातपुड्याचा घाट चढायला निघतो तेव्हा त्याच्यापुढचे प्रश्न वेगळे असतात. पायाखाली डांबरी रस्ता असतो, वाट चुकायची भीती नसते, दोर लागत नाही. पण त्याच रस्त्यावरून गाड्या धावतात, दोन्ही बाजूंना अस्वल-बिबट्याचं जंगल असतं, आणि दहा वाजले की ऊन चटके द्यायला लागतं. या तिन्ही अडचणींवर उपाय एकच आहे, तो म्हणजे वेळ. पुरतं उजाडल्यापासून साधारण तीन तास घाटरस्ता चालणाऱ्याचा असतो. त्याआधी तो जनावरांचा असतो, त्यानंतर गाड्यांचा आणि उन्हाचा. पुढचं सगळं नियोजन या तीन तासांभोवती बसवायचं आहे.

रस्ता निवडताना

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जायला दोन रस्ते आहेत. एक धामणगाव गढीवरून मोथ्याकडे चढतो, दुसरा धारणी रस्त्याने घटांगपर्यंत जाऊन तिथून सलोन्याकडून येतो. परतवाडा ते चिखलदरा अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. पायी चढायला मी धामणगाव गढीचा घाट सुचवेन. पायथ्याला आणि वर मोथ्याला वस्ती आहे, एसटी आणि दूधवाल्यांची ये-जा असते, त्यामुळे काही झालं तर माणूस भेटतो.

घटांगच्या पुढे सेमाडोह-हरिसालकडे जाणारा रस्ता मात्र चालण्यासाठी निवडू नका. तो व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो, आणि तिथे पायी फिरणारा माणूस स्वतःही धोक्यात येतो व जनावरालाही अडचणीत आणतो. मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या देशातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक आहे, हे चिखलदऱ्याकडे निघतानाही लक्षात असू द्या. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्यालाही शहानूरच्या बाजूने जाता येतं, पण तिथे वनविभागाचं प्रवेशद्वार आहे. त्यांचे जे नियम असतील त्याप्रमाणेच जायचं.

डांबर सोडून आत शिरायचं नाही, हा पहिला नियम. सार्वजनिक रस्त्यावर चालणं आणि जंगलात शिरणं या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत जायचंच असेल तर वनविभागाची परवानगी आणि त्यांनी दिलेला माणूस सोबत हवा.

कोणत्या दिवसांत, किती वाजता

दिवाळी ते फेब्रुवारी हा खरा काळ. अचलपूर-परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि चिखलदरा अकराशे मीटरच्या वर. हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने वर खालच्यापेक्षा साडेचार-पाच अंश थंडी जास्त असते. जानेवारीत पायथ्यालाच कुडकुडायला होतं, तिथे वर काय असेल ते समजून घ्या.

मार्चमध्ये मोह पडायला लागतो. पहाटे मोहफुलं वेचायला कोरकू बायाबापड्या जंगलात असतात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. या दिवसांत माणूस-अस्वल गाठ पडायची शक्यता वाढते, म्हणून मार्च-एप्रिलच्या पहाटे मी हा घाट टाळायलाच सांगेन. मे महिन्यात रस्त्याकडेला सावलीच उरत नाही. साग आणि सालई उघडे बोडके झालेले असतात.

पावसाळ्यात घाट देखणा दिसतो यात शंका नाही. पण १५ ऑगस्टला किंवा जुलै-ऑगस्टच्या रविवारी वर इतक्या गाड्या येतात की चालणाऱ्याला रस्त्यात जागाच राहत नाही, आणि धुक्यात दहा पावलांवरचा माणूस चालकाला दिसत नाही. पावसाळी घाट बघायचा तर आठवड्याच्या मधल्या वारी रजा टाका.

आता घड्याळ. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात इकडे सूर्य सात वाजायला तीन-चार मिनिटं कमी असताना उगवतो. दिवाळीच्या सुमारास सव्वासहा-साडेसहाला. सूर्योदयानंतर पंधरा-वीस मिनिटांनी पहिलं पाऊल टाकायचं. अनेक जण पहाटे पाचला टॉर्च घेऊन निघतात, सूर्योदय वरून बघायचा म्हणून. हे करू नका. बिबट्या आणि अस्वल रात्रभर फिरून उजाडायच्या सुमारास परतत असतात, आणि डांबरी रस्ता त्यांनाही चालायला सोयीचा वाटतो. सूर्योदय बघायचाच असेल तर आदल्या दिवशी वर मुक्काम करा.

उशिरा निघण्यातही नुकसान आहे. सुटीच्या दिवशी अमरावती-अकोल्याकडून येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या नऊ-साडेनऊपासून घाटाला लागतात. म्हणजे २६ जानेवारीला सव्वासातला सुरू करून दहाच्या आत संपवायचं, असा हिशेब.

किती चालायचं

अख्खा घाट एका सकाळी चढायचा हट्ट धरू नका. सात-आठ किलोमीटरचा टुकडा पुरेसा आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब सांगितला होता, तो आजही कामाचा आहे: पाच किलोमीटरला एक तास, आणि त्याशिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. घाटरस्त्याला सरासरी वीस मीटरमागे एक मीटर चढ धरला तर आठ किलोमीटरमध्ये चारशे मीटर चढ होतो. अंतराचे एक तास छत्तीस मिनिटं, चढाची चाळीस मिनिटं, मिळून सव्वादोन तास. विसावे आणि फोटो धरून पावणेतीन. आपले तीन तास इथेच भरले.

लहान मुलं किंवा साठीच्या पुढची माणसं सोबत असतील तर पाच किलोमीटर करा. गुडघेदुखी किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि औषध खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

आदल्या दिवशीची तयारी

गाडीने एकदा तो टुकडा बघून या, किंवा एसटीत खिडकीजवळ बसून नीट न्याहाळा. तीन गोष्टी टिपायच्या. पहिली, विसाव्याच्या जागा: सरळ रस्त्यावर, डोंगराच्या बाजूला, गाडी आली तरी चार माणसं उभी राहू शकतील अशा. दुसरी, किलोमीटरचे दगड. त्यावरचा आकडा आणि गावाचं नाव वहीत लिहून घ्या. ‘घाटात आहोत’ एवढ्या पत्त्यावर रुग्णवाहिका पोचत नाही, ‘अमुक दगडाच्या पुढे दुसऱ्या वळणावर’ म्हटलं की पोचते. तिसरी, मोबाइलला रेंज कुठे येते आणि कुठे जाते. वळण बदललं की रेंज बदलते, आणि गरजेच्या वेळी मागे जायचं की पुढे हे माहीत असलेलं बरं.

फोनमध्ये तीन नंबर ठेवा: ११२ आपत्कालीन मदत, १०८ रुग्णवाहिका आणि १९२६ वनविभाग. घरच्या एका माणसाला निघायची जागा, पोचायची जागा आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर विचारपूस कर’ अशी वेळ सांगून ठेवा.

परतीची सोय आदल्याच दिवशी ठरवावी लागते. गाडी वर ठेवून चालकाला थांबवलं तर उत्तम. नाही तर खालच्या गावात ओळखीच्या किंवा विचारून घेतलेल्या घरापुढे गाडी उभी करा, वर चढा आणि एसटीने किंवा काळी-पिवळीने खाली या. एसटीची वेळ परतवाडा स्थानकावर विचारा. सुटीच्या दिवशी फेऱ्या बदलतात, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

पिशवीत काय, अंगावर काय

माणशी दोन लिटर पाणी. घाटात झरे दिसतात म्हणून कमी घेणारे लोक असतात, पण फेब्रुवारीपासून ते आटायला लागतात, आणि वाहते असले तरी वर गुरं चरत असतात. सोबत मीठ-साखरेची पुडी.

खायला जड नको. निघण्याआधी तर्री-पोहे पोटभर खाऊन चढ चढणं ही शिक्षा आहे, ती वर पोचल्यावर. निघताना एखादी दशमी किंवा केळं, वाटेत गूळ-फुटाणे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात, माणशी दोन घ्या. पाणी, साखर आणि तोंडाला चव, तिन्ही एकात मिळतं. साली मात्र पिशवीत परत आणायच्या. सालीच्या वासाने वानरं रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात.

कपड्यांचे दोन थर असू द्या आणि चालायला लागल्यावर दहा मिनिटांत वरचा काढून टाका. घामाने आतला कपडा भिजला की पहिल्याच विसाव्याला हुडहुडी भरते. जंगलात मातकट रंगाचे कपडे घालावेत हे खरं, पण रस्त्यावर उलट हवं. चालकाला तुम्ही दुरून दिसायला पाहिजे. पाठीवर आणि छातीवर चमकणारी पट्टी असलेलं जाकीट हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं, गटातल्या पहिल्या आणि शेवटच्या माणसाने ते घालावं. बूट नवे नकोत. नखं आदल्या रात्री कापा. अत्तर, सेंट, वासाचं तेल लावू नका, त्याचं कारण पुढे येईल.

रस्त्याची कोणती बाजू

घाट चालताना खरा धोका वाघाचा नसून वळणाचा असतो, म्हणून हे जरा सविस्तर.

पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एका रांगेत चालायचं. सरळ रस्त्यावर एवढं पुरतं. पण रस्ता उजवीकडे वळतो आणि तुम्ही वळणाच्या आतल्या, डोंगराला चिकटलेल्या कडेला असता, तेव्हा उतरणाऱ्या चालकाला तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी दिसता. अशा वळणाच्या चाळीस-पन्नास पावलं आधी, सरळ भागातच रस्ता ओलांडा आणि बाहेरच्या बाजूने वळण पार करा. बाहेरून दोन्हीकडचं दिसतं आणि दोन्हीकडच्यांना तुम्ही दिसता. वळण संपलं की पुन्हा उजवीकडे या. ऐन वळणावर रस्ता ओलांडायचा नाही.

तीव्र वळणावर एसटी किंवा ट्रक वळताना नीट बघा. पुढची चाकं बाहेरून फिरतात आणि मागची चाकं आतल्या कडेला कापत येतात. पुढचा भाग निघून गेला म्हणून आत उभा असलेला माणूस निर्धास्त होतो आणि मागची बाजू त्याच्या अंगावर येते. म्हणून मोठी गाडी वळत असेल तर आतल्या बाजूला थांबूच नका. लांब थांबा, गाडीला अख्खा रस्ता घेऊ द्या, मग चाला.

आणखी एक गोष्ट इकडची. पेट्रोल वाचवायला पुष्कळ दुचाकीवाले उतारावर इंजिन बंद करून येतात. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवलेली गाडी आवाज न करता वळणातून पुढ्यात उभी राहते. कानात हेडफोन घालून हा घाट चढणं म्हणजे कान घरी ठेवून येणं.

कठड्यावर बसू नका. गाडीचा धक्का लागायची भीती आहेच, शिवाय दगडांच्या फटीत साप असतात.

एखादा गाडीवाला थांबून विचारेलच, “काहून बाप्पा, गाडी बंद पडली काय? बसा मागं.” इकडची माणसं अशीच आहेत. “नाही भाऊ, पायीच चाललो,” म्हणा, आणि वर रस्त्यात काही जनावर दिसलं का ते विचारून घ्या. त्या सकाळची सगळ्यात ताजी बातमी त्याच्याकडेच असते.

चाल कशी ठेवायची

पहिला किलोमीटर मुद्दाम हळू. पावलं आखूड, टाच टेकवून, गुडघा किंचित वाकलेला. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग बरोबर आहे. शब्दाशब्दाला श्वास तुटायला लागला की कमी करा. पाऊण तास चालून पाच मिनिटं थांबायचं, आणि थांबल्यावर शक्यतो उभंच राहायचं. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असतो, म्हणून त्याला पुढे ठेवा.

दोन वळणांमध्ये वर चढणाऱ्या पायवाटा दिसतील. गावची माणसं त्या वापरतात, त्यांना तिथला दगड न् दगड माहीत असतो. तुम्ही जाऊ नका. सुटा मुरूम पायाखालून सरकतो, गवतात काही दिसत नाही, आणि सतत वापरलेल्या अशा वाटांनी पावसाळ्यात माती वाहून खालच्या रस्त्यावर येते.

जनावर दिसलं तर

चार ते सहा जणांचा गट ठेवा. मुलं मधे. पाळीव कुत्रा आणू नका, बिबट्याला तो हमखास खेचतो. साध्या आवाजात बोलत चाला. बहुतेक अपघात अचानक गाठ पडल्याने होतात, आणि अस्वलाची नजर फार चांगली नसते. त्याला तुमची चाहूल आधी लागणं दोघांच्याही भल्याचं.

वानराचं खोकल्यासारखं ‘खक्-खक्’ थांबून थांबून पण सारखं यायला लागलं, किंवा चितळाची तीक्ष्ण शिट्टीसारखी हाक आली, तर जवळपास शिकारी जनावर हललं आहे असं समजा. थांबा, एकत्र या, आवाजाच्या उलट बाजूच्या कडेला सरका. पाच-दहा मिनिटांत सगळं शांत झालं की पुढे निघा. नाही झालं तर मागे फिरायला लाजू नका.

बिबट्या समोर आलाच तर पळायचं नाही, वाकायचंही नाही. हात वर करून मोठं दिसायचं, मुलांना उचलून घ्यायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचं. अस्वल दिसलं तर आरडाओरडा न करता मागे व्हायचं आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. पिल्लं सोबत असतील तर आणखी लांब. रानगवा रस्ता ओलांडत असेल तर अख्खा कळप जाईपर्यंत थांबा. शेवटचा गेला असं वाटल्यावर आणखी एखादा झाडीतून निघतोच. मोबाइल पुढे करून जवळ जाणं कोणत्याच जनावराच्या बाबतीत नको.

जवळच्या मोकळ्या सागवनात एक लहानसा पिंगळा दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसलेला दिसला तर थबका. रानपिंगळा १८८४ नंतर शंभरावर वर्षं कुणाला दिसला नव्हता. १९९७ मध्ये तो नंदुरबारकडे पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही. पिंगळ्यांमध्ये हा दिवसा वावरणारा आहे, म्हणून सकाळच्या चालण्यात त्याची आशा धरता येते. साध्या पिंगळ्याच्या पाठीवर आणि डोक्यावर ठिपके ठळक असतात, याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं असतं. दुर्बिणीतून बघा, आवाज वाजवून बोलावू नका.

लहान त्रास, मोठी पीडा

खाजकुहिली ओळखायला शिका. हिवाळ्यात रस्त्याकडेच्या झुडपांवर वेल चढलेला असतो आणि त्याला चिंचेएवढ्या, वाकड्या, सोनेरी-तपकिरी मखमलीच्या शेंगा लागतात. मुलांना त्या हातात घ्याव्याशा वाटतात. ती मखमल म्हणजे बारीक टोचरे केस. नुसत्या वाऱ्यानेही ते अंगावर येतात आणि आग-खाज उठते. चोळू नका, चोळल्याने ते आत जातात आणि पसरतात. चिकटपट्टी कातडीवर दाबून ओढून काढा, तीन-चारदा. मग पाण्याने धुवा. पिशवीत चिकटपट्टीचा एक रोल यासाठीच ठेवायचा. बिब्याच्या कच्च्या फळालाही हात लावू नका, त्याच्या तेलाने फोड येतात.

कड्यांच्या कपारीत आणि उंच झाडांवर आग्या मोहोळाची पोळी लोंबतात. वासाने आणि धुराने माश्या चवताळतात, म्हणून अत्तर नको आणि विडी-सिगारेटही नको. माश्या उठल्या तर हातवारे न करता तोंड-डोकं कापडाने झाकून जितकं लांब पळता येईल तितकं पळा. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून काढा. काडी न ओढण्याचं दुसरं कारण वणवा. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत पाचोळा इतका वाळलेला असतो की एक थोटूक पुरतं.

थंडीत साप ऊन खायला डांबरावर येतात, म्हणून नजर दहा पावलं पुढे ठेवा. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय फळकुटाने हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका, आणि मिळेल त्या गाडीने ग्रामीण रुग्णालय गाठा. बाहेरची बाधा उतरवायला थांबलेला अर्धा तास जीवावर बेततो.

वर पोचल्यावर

मोथ्याच्या बाजूने वर आलात तर पहिली वस्ती गवळी समाजाची लागते. इथलं दही, खवा आणि चिखलदऱ्याची रबडी खाल्ल्याशिवाय खाली उतरू नये असं माझं मत आहे. वीस मिनिटं बसा, बूट सैल करा, पाणी प्या, मग खा.

पायात जोर असेल तर पुढे गाडीने भीमकुंड बघता येईल. कीचकाला मारल्यावर भीमाने तिथे हात धुतले अशी आख्यायिका आहे. बाजारात चिखलदऱ्यातच पिकणारी कॉफीही मिळते. गाविलगड मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतलेला हा किल्ला अफाट पसरलेला आहे, त्याचे दरवाजे, तलाव आणि शार्दूल दरवाजावरचं गंडभेरुंड बघायला अख्खी सकाळ लागते. घाट चढून थकलेल्या पायांनी, डोक्यावर ऊन घेऊन तो बघण्यात काही अर्थ नाही.

उतरताना चालू नका, एसटीने या. चढाने दम लागतो पण गुडघे दुखतात ते उताराने, आणि साडेदहानंतरचा घाट तसाही गाड्यांचा असतो. घरी आल्यावर कपडे घरात नेण्याआधी अंगणात झटका. मांडीचे सांधे, काख, कानामागची जागा गोचिडासाठी तपासा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढा, रॉकेल किंवा काडीचा चटका नको. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.